नगारखाना आणि गाभारा

उपासनेत संगीताला किती आणि कोठे जागा असावी, हा प्रश्न सामान्यतः धर्माधिकाऱ्यांच्या कक्षेतला समजला जातो. वस्तुतः तो कलाविचाराचाही प्रश्न आहे. कला जेव्हा स्वतःहून मोठ्या अशा एखाद्या प्रयोजनाची सेवा पत्करते, तेव्हा तिने आपले स्वत्व किती राखावे आणि किती विसर्जित करावे, हा सौंदर्यशास्त्रातील वाद जुनाच आहे. तो उपासनागृहात येऊन उभा राहिला की त्याला धार येते. कारण तेथे ऐकणारा केवळ रसिक नसतो. तो काही मागावयास, काही सांगावयास, किंवा काहीही न बोलता बसावयास आलेला असतो. संगीत त्याला साहाय्य करते की त्याची जागा बळकावते, याचा निर्णय केवळ अभिरुचीवर सोपवून चालत नाही.

या प्रश्नाचा लेखी विचार कॅथॉलिक चर्चने जितका दीर्घकाळ आणि जितक्या चिकाटीने केला आहे, तितका क्वचितच कोणी केला असेल. आपल्याकडे उपासनासंगीत अफाट आहे. पण त्याचे नियम बहुधा रूढीत राहिले, परिपत्रकांत उतरले नाहीत. सरकारी टेबलाशी ज्यांचे आयुष्य बांधलेले आहे अशा आपणा मंडळींना परिपत्रकाचे मोल आणि त्याची मर्यादा ही दोन्ही ठाऊक असतात. म्हणून चर्चच्या या आज्ञापत्रांचे परीक्षण करावे, आणि काशीच्या घाटांवर जे दिसते व ऐकू येते त्याच्याशी ते ताडून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वादाचे मूळ फार जुने आहे. संत ऑगस्टिन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहावयास घेतलेल्या आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात या पेचाचे मोठे प्रांजळ विवेचन केले आहे. गाण्यातील आशयापेक्षा गाण्यानेच आपले मन अधिक हलते, तेव्हा तो आपल्याला अपराध वाटतो, असे ते सांगतात. अलेक्झांड्रियाचे धर्माध्यक्ष अथनेशियस यांनी स्तोत्रे गाण्यापेक्षा बोलण्यास अधिक जवळ अशा स्वरात म्हणवून घेतली, याचा ते उल्लेख करतात. आणि तरीही, आरंभीच्या दिवसांत याच गायनाने आपल्या डोळ्यांत अश्रू आणले होते हे आठवून, ते संगीताच्या बाजूने कौल देतात. तो कौल निःशंक नाही, आणि त्याची थोरवी यातच आहे. पुढील सोळा शतकांत चर्चने जे नियम केले ते सारे याच दोलायमान मनाचे नियम आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

१५६२ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्माध्यक्षांना बजावले की, ज्या संगीतात काही कामुक किंवा अशुद्ध मिसळलेले असेल ते चर्चमधून दूर ठेवावे. एकोणिसाव्या शतकात इटलीतील चर्चमधून रंगभूमीच्या, म्हणजे ऑपेराच्या, धाटणीचे गायन इतके बोकाळले की २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांना स्वतंत्र आज्ञापत्र काढावे लागले. त्यात ग्रेगोरियन गायन हा आदर्श ठरविण्यात आला. पियानो, ढोल, झांजा यांसारख्या वाद्यांना मनाई झाली. आणि गायन लांबल्यामुळे वेदीपाशी उभ्या असलेल्या धर्मगुरूला ताटकळत राहावे लागू नये, असेही सांगण्यात आले. उपासना ही संगीताची दासी वाटू लागावी, हा त्या पत्राच्या दृष्टीने फार गंभीर दोष होता. दोषाचे निदान अचूक होते. उपाय मात्र मुख्यतः वाद्यांच्या यादीचा होता. वाद्य बदलल्याने वृत्ती बदलतेच असे नाही. ऑर्गनवरही मिरविता येते, आणि एकतारीवरही.

याहून पुष्कळ खोल विचार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने केला. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घोषणापत्रात लोकांचा सक्रिय सहभाग हे सूत्र आले. लोकांनी प्रतिसाद द्यावेत, स्तोत्रे व गीते म्हणावीत. आणि त्याच परिच्छेदात, योग्य वेळी सर्वांनी आदरपूर्वक मौन पाळावे, असेही म्हटले आहे. मौन हाही सहभागाचाच प्रकार आहे, हा त्यातील मर्माचा भाग होय. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मिस्साग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीतील सामान्य निर्देशांनी या मौनाच्या जागाही सांगून टाकल्या आहेत. पश्चात्तापाच्या वेळी आणि प्रार्थनेच्या आवाहनानंतर प्रत्येकाने अंतर्मुख व्हावे. वाचन किंवा प्रवचन संपल्यावर ऐकलेल्याचे मनन करावे. प्रभुभोजनानंतर मनातल्या मनात स्तुती व प्रार्थना करावी. शिवाय, उपासना सुरू होण्यापूर्वीही चर्चमध्ये शांतता असणे प्रशस्त, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे प्रत्येक मौनाला त्याचे काम नेमून दिलेले आहे. गाणे नसलेली रिकामी वेळ म्हणजे मौन नव्हे, ही जाण या निर्देशांत आहे, आणि ती कोणत्याही धर्माच्या माणसाने आत्मसात करण्यासारखी आहे.

मग इतके स्वच्छ नियम असताना तक्रार कोठे उरते? ती उरते, हे कोणत्याही मोठ्या शहरातील चर्चमध्ये रविवारी अर्धा तास आधी जाऊन बसणाऱ्यास कळेल. वेदीजवळच्या मंजुषेतील पवित्र साक्रामेंतापुढे दोन-चार वृद्ध माणसे गुडघे टेकून असतात. आणि बाजूला गायकमंडळातील तरुण ध्वनिक्षेपक जुळवीत, गिटारच्या तारा लावीत, एकच कडवे तीनदा घोळवीत असतात. बदलीच्या एका गावी हे दृश्य प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिले. त्या तरुणांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. आठवडाभर नोकरी-शिक्षण सांभाळून ते सेवाभावाने गात होते, आणि सरावाला दुसरी खोलीही त्यांना नव्हती. वृद्धांचीही मागणी अवाजवी नव्हती. दोन्ही पक्ष खरे असतात तेथे पेच खरा असतो. मात्र त्यात एक विषमता आहे. गाणारा न बोलणाऱ्याचे मौन मोडू शकतो. पण न बोलणारा गाणाऱ्याचे गाणे मोडू शकत नाही. या विषमतेमुळेच मौनाला नियमाचे संरक्षण लागते.

पूर्वी हे संरक्षण नियमापेक्षा वास्तूने दिलेले होते, असे आमचे मत आहे. आपली देवळे पाहावीत. नगारखाना महाद्वारावर, कीर्तन-भजन सभामंडपात, त्यापुढे अंतराळ, आणि शेवटी गाभारा, जेथे अंधार आणि शांतता यांचेच राज्य. देवाच्या जवळ जावे तसतसा आवाज उतरत जातो. नगाऱ्याला कोणी बंदी केली नाही आणि गाभाऱ्यातील एकांतही कोणी मोडला नाही. दोहोंमध्ये दगडी अंतर ठेवले. काळाचीही वाटणी अशीच होती. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत कोणत्या प्रहरी काय वाजावे, हे ठरलेले होते. आणि म्हणून कोणत्या प्रहरी काहीच वाजू नये, हेही आपोआप ठरत होते.

गोव्यातील जुनी चर्चे पाहिली म्हणजे तेथील स्थपतींनीही हेच साधले होते असे दिसते. गायकमंडळाचा सज्जा प्रवेशद्वाराच्या वर, म्हणजे उपासकांच्या पाठीमागे असे. स्वर येई, गाणारा दिसत नसे. त्याचे कौतुक करावयाचे तर मान वळवावी लागे, आणि वेदीकडे पाठ करणे तर शोभत नसे. गायकाचा अहंकार आणि श्रोत्याचे कुतूहल या दोहोंवर त्या सज्ज्याने जो अंकुश ठेवला, तो कोणत्याही आज्ञापत्राला ठेवता आला नसता.

काशीत या रचनेचे एक बोलके उदाहरण होते. इंदूरच्या अहल्याबाई होळकर यांनी १७८० साली विश्वनाथाचे मंदिर उभारले. त्यानंतर १७८५ साली, वॉरन हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून, मंदिरासमोर नौबतखाना बांधला गेला. नौबत देवासाठी वाजे. पण देवाच्या डोक्यावर नव्हे. पंचगंगा घाटाजवळच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. ते वादन समारंभासाठी नव्हते, आणि त्याला श्रोत्यांची गरजही नव्हती.

आता त्याच काशीतील मुन्शी घाटाची गोष्ट पाहू. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचे नाव या घाटाला लाभले आहे. त्याच्या एका अंगाला दरभंगा घाट आणि दुसऱ्या अंगाला अहल्याबाई घाट. शीतला घाट ओलांडला की दशाश्वमेध. म्हणजे मराठी माणसाला येथे दोन नावे तरी आपली वाटावीत. १९९० च्या दशकात दशाश्वमेधावरील सायंआरतीला आजचे भव्य, सामुदायिक स्वरूप आले. शेकडो दीपशिखांची एका लयीत होणारी ती हालचाल पाहून भारावून न जाणारा मनुष्य विरळा. दूरदेशीच्या माणसांनाही ती खेचून आणते. तिचे सौंदर्य नाकारण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. परंतु सायंसंध्येची वेळही तीच आहे. शास्त्राने जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार सांगून मानस जप सर्वांत श्रेष्ठ ठरविला. मुन्शी घाटाच्या पायरीवर जो मनुष्य त्या वेळी ओठही न हलविता जप करू पाहतो, त्याच्या कानांवर ध्वनिक्षेपकातून आलेले स्वर आदळत असतात. आरतीतील घंटा पूर्वीही वाजतच होती. पण घंटेचा आवाज अंतराला भिऊन असे. ध्वनिक्षेपकाला अंतर ठाऊकच नाही. जी गोष्ट नगारखाना, सभामंडप आणि गाभारा यांनी शतकानुशतके सांभाळली, ती एका यंत्राने एका पिढीत निकालात काढली.

चर्चमध्येही अगदी हेच झाले. सज्ज्यावरचे गायकमंडळ खाली, पुष्कळदा वेदीच्या शेजारी आले, आणि त्याच्या हाती ध्वनिक्षेपक आला. १९०३ च्या पत्राने ढोलाची भीती बाळगली होती. परंतु ध्वनिक्षेपकाशी जोडलेली साधी पेटीही आज ढोलाचे काम करते. या प्रकरणी न्यायालयालाही बोलावे लागले आहे. चेन्नईतील एका पेंटेकोस्टल चर्चच्या ढोल, गिटार व ध्वनिक्षेपकाविरुद्ध शेजारच्या वसाहतीने दाद मागितली असता, ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, इतरांची शांतता भंग करून किंवा ध्वनिवर्धकाने व ढोलांनी प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिक्षेपकावर निर्बंध घातला. पण कायदा शेजाऱ्याचे रक्षण करतो. भिंतीच्या आत, एकाच बाकावर बसलेल्या दोन उपासकांपैकी मौन हवे असलेल्याचे रक्षण कोणता कायदा करणार? ते काम त्या समाजाच्या विवेकानेच करावयाचे असते.

येथे प्रतिपक्षाची बाजू पूर्णपणे मांडली पाहिजे, कारण ती बळकट आहे. सज्ज्यावरच्या निष्णात गायकांमुळे खालचा समाज मुका झाला होता. तो श्रोता झाला होता, उपासक राहिला नव्हता. परिषदेने गायकमंडळाला समाजाचाच एक भाग मानले ते याच कारणासाठी. आणि ज्या देशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला योग्य स्थान द्यावे, असेही सांगितले. त्यामुळे उत्तर हिंदुस्थानातील चर्चमधून पेटी-ढोलकीच्या साथीवर हिंदी भजने उमटू लागली, आणि वसईच्या चर्चमधून मराठी गीते. आपल्या भाषेत देवाला आळविण्याची ही ओढ नवी नव्हे. इंग्लंडातून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचिले व ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेव्हा गोव्यातील नवख्रिस्ती समाजाला पुराणश्रवणाचा गेलेला आनंद परत मिळाला. त्या ओव्या चर्चमध्ये म्हटल्या जात. गोव्यातील पॅरिशच्या शाळांनी मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले, आणि त्याच शिदोरीवर पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद उभे राहिले. चर्चने संगीताला दारात उभे केले नसते तर हा सारा इतिहास घडला नसता.

आणि आपल्यासारख्यांना तर या पक्षाची कळ अधिकच कळावी. घरापासून शेकडो कोसांवर बदली झालेल्या माणसाला आपल्या भाषेतील एक गाणे म्हणजे अर्धे घर असते. काशीच्या किंवा अन्य कोणत्याही उत्तरेकडील शहराच्या चर्चमध्ये येणारा केरळचा, गोव्याचा, छोटानागपूरचा ख्रिस्ती मनुष्य आपल्या गीतासाठी आसुसलेला असेल, तर त्याला कोण दोष देईल? पण याच ठिकाणी एक दुसरी गोष्टही ध्यानात येते. अशा मिश्र समाजात प्रत्येक गाणे कोणाचे तरी असते, आणि म्हणून कोणाचे तरी नसते. मौन मात्र सर्वांचे असते. ज्याला हिंदी अडखळत येते, ज्याला चाल ठाऊक नाही, ज्याचा गळा बसला आहे किंवा ज्याचे दुःख ताजे आहे, त्यांना उपासनेत बरोबरीने सामील होण्याची जागा तीच. संगीत समाज घडविते हे खरे. पण समाजात नव्याने आलेल्याला आणि दुखावलेल्याला मौन सामावून घेते, हेही तितकेच खरे.

चर्च हे सभागृह म्हणून वापरावे काय, या उपप्रश्नाला ५ नोव्हेंबर १९८७ च्या रोममधील पत्राने उत्तर दिले आहे. चर्च ही कोणत्याही मेळाव्यासाठी खुली असलेली सामान्य सार्वजनिक वास्तू नव्हे, असे त्यात प्रथमच बजावले आहे. मैफलीसाठी धर्माध्यक्षांची लेखी अनुमती घ्यावी, प्रवेश विनामूल्य असावा, वादकांनी वेदीच्या परिसरात बसू नये, पवित्र साक्रामेंत शक्यतो अन्यत्र हलवावे, अशा अटी पुढे येतात. काशीतील वाचकाला यातील विनामूल्य प्रवेशाची अट वाचून संकटमोचन मंदिराचा संगीत समारोह आठवल्यावाचून राहणार नाही. १९२३ साली सुरू झालेल्या त्या समारोहात हनुमान जयंतीच्या सुमारास अनेक रात्री मंदिराच्या अंगणात गायन-वादन चालते. प्रवेशाला मूल्य नाही, आणि कलावंत आपल्या सेवेला ‘हाजिरी’ म्हणतात. बनारसी श्रोत्याची दाद तर ‘हर हर महादेव’ या घोषाने व्यक्त होते; म्हणजे टाळीचेही नामस्मरण होते. ज्या ठिकाणी दाद कलावंताला ओलांडून देवाकडे जाते, तेथे मैफल आणि उपासना यांच्यातील भिंत बरीच पातळ होते. जुन्या गोव्यातील माउंटच्या कपेलमध्ये होणाऱ्या संगीतोत्सवात पाश्चात्त्य संगीत आत आणि हिंदुस्थानी संगीत सूर्यास्ताच्या वेळी बाहेरच्या अंगणात, अशी योजना असते. तीही अंतर राखण्याचीच एक रीत म्हणावी लागेल.

परंतु १९८७ च्या पत्राचे मूल्यमापन करावयाचे तर असे म्हणावे लागते की, त्याने वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्याचा बंदोबस्त केला. रोज घरात वावरणाऱ्याचा नाही. खरी झीज मैफलीने होत नाही. ती सरावाने होते, भरतीच्या गाण्याने होते, आणि दोन विधींमधील प्रत्येक फट स्वरांनी बुजविण्याच्या घाईने होते. प्रभुभोजनानंतरचे मौन कागदावर आहे. व्यवहारात तेथे आणखी एक गीत येते, कारण आयोजकांना शांततेची भीती वाटते. दहा क्षण काही वाजले नाही की काहीतरी चुकले, असे त्यांना वाटते. ही भीती चर्चपुरती मर्यादित नाही. आपली नाट्यगृहे, आपल्या सभा, आपले विवाहसमारंभ या सर्वांना ती जडली आहे.

मग उपाय काय? वास्तूने दिलेले अंतर यंत्राने मोडले असेल तर ते वेळेच्या आणि शिस्तीच्या रूपाने पुन्हा निर्माण केले पाहिजे. सराव अन्य खोलीत किंवा अन्य दिवशी व्हावा, आणि उपासनेपूर्वीचा अर्धा तास निखालस शांततेचा असावा. गायकमंडळ समाजाबरोबर बसावे, समाजासमोर नव्हे. जेथे माणसाचा कंठ पोहोचतो तेथे ध्वनिक्षेपक नसावा. लहान चर्चमध्ये तो केवळ वाचनापुरता पुरेसा आहे. प्रभुभोजनानंतरचे मौन हे गीताइतकेच निश्चित मोजून कार्यक्रमात लिहावे. आठवड्यातील एखादी पहाटेची मिस्सा गायनाविना असावी, म्हणजे ज्याला ज्याची गरज त्याने ते निवडावे. यांतील एकाही सूचनेने गायनाचा अवमान होत नाही. उलट, ज्या स्वराच्या आधी आणि नंतर शांतता आहे तोच स्वर नीट ऐकू येतो, हे कोणताही गवई सांगेल. षड्ज लागण्यापूर्वीचा तंबोऱ्याचा झंकार आणि त्याआधीची स्तब्धता यांवाचून मैफलसुद्धा उभी राहत नाही.

उपासनासंगीताच्या समीक्षेला यातून एक निकष मिळतो. स्वर शुद्ध लागला काय, शब्द कळले काय, हे प्रश्न आहेतच. पण शेवटचा प्रश्न असा की, गाणे संपल्यावर मागे काय उरले? लोक गायकाविषयी बोलू लागले, तर ती मैफल होती. चांगली असेल, पण मैफल. लोक काही क्षण बोलेनासे झाले, तर ती प्रार्थना होती.

हा निकष आपणांसही लागू आहे, हे सांगून लेख संपवितो. परप्रांतात आपण मराठी मंडळे काढतो, गणपती बसवितो, एकादशीला भजन ठेवतो. आणि आता त्या सर्वांच्या मध्यभागी ध्वनिक्षेपक असतो. दिवसभर हिंदी-इंग्रजी टिपणांत बुडालेला एखादा सहकारी आरतीनंतर मूर्तीपुढे जरा बसू पाहतो, तोच पुढच्या कार्यक्रमाची घोषणा होते. येत्या भाद्रपदात कार्यक्रमपत्रिका तयार करताना, आरती आणि पहिले गाणे यांच्यामध्ये एक पंधरा मिनिटांची ओळ मोकळी सोडावी, आणि तेवढा वेळ यंत्राची कळ बंद ठेवावी. त्या ओळीला काही नाव देण्याचीही गरज नाही.